स्टॅलर्डचा तिसरा प्याला

१

तिसरा प्याला ओठांना लावून गार्लंड स्टॅलर्डने डोळे मिटले. पाहुण्यांना वाटलं, म्हातारा चव घेतोय.

तसं वाटणं साहजिकच होतं. लांबून लांबून लोक स्टॅलर्डच्या भट्टीवर यायचे ते हेच बघायला. गोदामातल्या पिंपांच्या रांगांमधून फिरायचं, लाकडात मुरलेल्या बॉर्बन व्हिस्कीचा गोड वास छातीत भरून घ्यायचा आणि शेवटी लांब टेबलापाशी बसून गार्लंडचं बोलणं ऐकायचं. पिंप गोदामाच्या कुठल्या मजल्यावर मुरलं ते तो एका घोटात सांगायचा. 'केंटकीची जीभ' म्हणायचे त्याला.

त्या दुपारी ती जीभ काही बोललीच नाही. गार्लंडचं डोकं हळूहळू पुढं झुकलं, कपाळ टेबलावर टेकलं आणि प्याला लवंडला. कुणीतरी हसलंसुद्धा. मग मिनेसोटाहून आलेल्या मिसेस लिंडग्रेन किंचाळल्या.

ऑर्लीना प्रुइट पोचली तेव्हा पाहुण्यांना बाहेर अंगणात बसवलं होतं. ऑर्लीना त्या काउंटीची कॉरोनर. घरचा धंदा अंत्यसंस्कारांचा, आणि मृत्यूचं कारण ठरवायला लोकांनी निवडून दिलेलीही तीच. गावातल्या कुणाचाही शेवटचा दाखला तिच्या सहीशिवाय निघत नसे.

गार्लंडच्या खिशातला रुमाल ओला होता. ओकारीचा वास होता त्याला.

"जेवल्यापासून मळमळतंय म्हणत होते," कॉर्लिस व्हॅन्स भिंतीला टेकून म्हणाली. ही गार्लंडची हाताखालची बाई. पिंपात तांब्याची नळी घालून नमुना काढायचा आणि तो प्याल्यांत ओतायचा, हे तिचं काम. "मी म्हटलं, घरी जा. ऐकले नाहीत."

"हृदयाचं दुखणं होतंच की त्याला," शेरीफ हॉइट क्रायडर म्हणाला. "कर सही, ऑर्लीना. कशाला उगाच चिरफाड?"

"सही माझी आहे ना? मग चिरफाडही माझ्याच मर्जीने."

अहवाल आला आणि हॉइटचं तोंड बंद झालं. गार्लंडच्या रक्तात फॉक्सग्लव्हचं विष सापडलं होतं. जांभळ्या घंटांसारख्या फुलांचं ते झाड, दिसायला देखणं, पण पान असं कडूजहर की जनावरही तोंड लावत नाही.

संध्याकाळी हॉइटचाच फोन आला. "कॉर्लिसच्या घरापुढं ओळीनं लावलीयत ती झाडं. त्यातल्या दोन झाडांची पानं कुणीतरी ओरबाडून नेलीयत. ताजी."

२

गार्लंडला मूठमाती दिली त्या दिवशी डेल्फिया रिग्बीच्या खाणावळीबाहेर पाटी लागली होती: आज ॲपल पाय फुकट.

"लाज नाही वाटत?" ऑर्लीनाने आत शिरता शिरता विचारलं.

"लाज? मी बँडवाले बोलावणार होते. ते लुइव्हिलला गेलेत म्हणून राहिलं." डेल्फियाने सफरचंदाच्या पायचा जाडजूड तुकडा तिच्यापुढं आदळला. "खा. माझ्या सणाचा दिवस आहे."

दोघी एका शाळेत शिकल्या होत्या. डेल्फियाने काय भोगलं हे ऑर्लीनाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा ॲन्सेल स्टॅलर्डच्या गोदामाचा मुकादम होता. माणूस सुतासारखा सरळ. एके वर्षी जुनी, मोलाची पिंपं गायब झाल्याचं निघालं आणि आळ आला ॲन्सेलवर. गार्लंडने कोर्टात डोळे पुसत सांगितलं, "भावासारखा वागवला होता मी याला." कॉर्लिसने साक्ष दिली की, ॲन्सेलच्या गाडीत पिंपं चढताना तिने बघितली. ॲन्सेल तुरुंगात गेला आणि तिथंच खचून मेला. त्याला मातीत ठेवलं ऑर्लीनानेच. तेव्हा डेल्फिया रडली नव्हती. तिने डूख धरला होता.

आणि तरीही स्टॅलर्डच्या पाहुण्यांचं दुपारचं जेवण डेल्फियाच रांधायची. गावात दुसरं कुणी तसं रांधणारं नव्हतं. गार्लंडनेच निरोप धाडला होता म्हणे, "झालं गेलं विसरून जा." आणि सगळ्यांना नवल वाटलं, कारण ती गेली.

"त्या दिवशी जेवण तूच वाढलंस," ऑर्लीना म्हणाली.

"वाढलं, भांडी घासली, घरी आले. प्याल्यांना शिवलेसुद्धा नाही." डेल्फिया टेबल पुसत होती. फडकं थांबलं. "आणि तू ज्या वाटेनं निघालीयस ना, ती वाट बंद आहे, बाई. ते पान कडू विख असतं. अख्ख्या केंटकीला जिभेचा तोरा दाखवणारा माणूस माझ्या जेवणातलं कडू गिळेल? पहिल्याच घासाला थुंकला असता. माझ्याच तोंडावर."

खरंच होतं ते.

"मग बॉर्बनमधलं कडू तरी कसं गिळलं?" ती हळूच म्हणाली.

डेल्फियाने खांदे उडवले. "ते ज्या बाईनं ओतलं तिला विचार. तिलाच नेलंय ना आत्ता हॉइटनं?"

ऑर्लीनाला हे माहीत नव्हतं. ती पायचा तुकडा तसाच टाकून उठली.

३

पण ती ठाण्यावर आधी गेली नाही. तो प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला होता. विष प्याल्यात असो की ताटात, गार्लंडने ते गिळलं कसं?

गार्लंडच्या घरी त्याचा धाकटा भाऊ थर्मन आवराआवर करत होता. थर्मन कट्टर बॅप्टिस्ट ख्रिश्चन. आयुष्यभर भट्टीच्या सावलीत राहिला, पण दारूचा थेंब कधी जिभेवर ठेवला नाही. त्यावरून गार्लंडने त्याला धंद्यातून बाहेर काढलं होतं. "गाईला भिणारा गवळी काय कामाचा?" असं चारचौघांत म्हणून.

"भांडणं होती आमची," थर्मन म्हणाला. "लपवत नाही. पण भट्टीवर पाहुण्यांचं जेवण असलं की शेजारी बसवायचा मला. तेवढं मात्र त्यानं सोडलं नाही."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक मोठा पेला होता. गार्लंड रोज रात्री ताकात मक्याची भाकर कुस्करून खायचा. पेला तळापर्यंत रिकामा, चमचा आत. ऑर्लीनाने फ्रिज उघडून ताकाची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. ताकावर हिरवी बुरशी धरली होती, दोन-चार दिवसांत धरणारी नव्हे, कित्येक आठवड्यांची. घाण अशी की डोळ्यांत पाणी यावं.

"थर्मन, दुसरी बाटली आणली होतीस का रे तू?"

"नाही. का?"

"हे तो पीत होता. शेवटच्या दिवसापर्यंत." ती खुर्चीवर बसली. तिला मिसेस लिंडग्रेन आठवल्या. अंगणात रडता रडता त्या काहीतरी पुटपुटल्या होत्या, आणि ऑर्लीनाने ते कानाआड केलं होतं. गंमत म्हणून त्यांनी आपला पहिला प्याला गार्लंडच्या दुसऱ्या प्याल्याशी बदलला होता. आणि गार्लंडने, चुकीचा प्याला हातात घेऊन, दुसऱ्या पिंपाचं भाषण अक्षर न चुकता म्हटलं होतं. पिकल्या चेरीच्या चवीसकट.

"तुझ्या भावाला चव कळत नव्हती, थर्मन."

थर्मनने हातातलं सामान खाली ठेवलं. मग त्याचा चेहरा बदलला. "तरीच," तो म्हणाला. "तरीच त्यानं ती भाजी खाल्ली."

"कुठली भाजी?"

"त्या दिवशीचा मोहरीचा पाला. डेल्फिया डुकराच्या हाडावर शिजवते तो. लहानपणापासून खोड आहे मला, त्याच्या ताटातला एक घास उचलायची. तसा उचलला. असा कडू, असा कडू की मी रुमालात थुंकलो. थोडा गिळलाही गेला. तर गार्लंड हसला, म्हणाला, 'तुला खाण्यातलं काय कळतंय?' आणि भाकरीनं ताट पुसून खाल्लं."

"तुझ्या स्वतःच्या ताटातली भाजी?"

"छान होती."

"नंतर काही झालं तुला?"

थर्मन ओशाळला. "हसशील तू. रात्रभर पोटात ढवळत होतं. आणि दिव्याभोवती पिवळी कडी दिसायची. बायको म्हणाली, भाऊ गेला म्हणून प्यायलास की काय. प्यायल्यावर कसं दिसतं तेसुद्धा मला ठाऊक नाही."

ऑर्लीना हसली नाही. फॉक्सग्लव्ह पोटात गेलं की दिव्याभोवती पिवळी कडी दिसतात. हे तिला ठाऊक होतं.

४

हॉइटच्या ठाण्यात कॉर्लिस एका जागी बसून होती. डोळे सुजलेले.

"तुझ्या साहेबाची जीभ कधी गेली?" ऑर्लीनाने बसता बसताच विचारलं.

कॉर्लिसने आधी दाराकडं पाहिलं, जणू गार्लंड अजून ऐकत असावा. मग तिचे खांदे पडले. "ताप आला होता मागं, त्यात गेली. वासही गेला. परत आलाच नाही. पिंपं मीच निवडायची, मिस ऑर्लीना. काय बोलायचं ते मीच शिकवायची. टेबलावर कुठलं पिंप आधी येणार ते सकाळी ठरायचं, आणि ते पाठ करायचे."

"बघ," हॉइट दारातून म्हणाला. "कष्ट हिचे, नाव त्याचं. त्याला चव नाही हे फक्त हिला ठाऊक. झाडं हिच्या अंगणातली. ओतलं हिनं. आणखी काय पाहिजे ज्युरीला?"

"आणखी एक आहे," कॉर्लिस म्हणाली. "मी यातून सुटत नाही हे कळतंय मला. म्हणून सांगते. ॲन्सेल रिग्बीनं पिंपं नेली नव्हती. गार्लंडनंच ती मागच्या दारानं विकली होती, श्रीमंत हौशी लोकांना. मला म्हणाले, साक्ष दे, नाहीतर या धंद्यात तुला कुठं उभं राहू देणार नाही. मी दिली. मी काहीसुद्धा बघितलं नव्हतं."

हॉइट दारातून आत आला.

"हे लिहून घेतलंस?" ऑर्लीनाने हॉइटला विचारलं.

"घेतो. पण हिचंच नुकसान आहे यात. साहेबाच्या धाकाखाली होती म्हणजे मारायला आणखी एक कारण. आणि खुनाच्या आरोपातली बाई मेलेल्या माणसावर चोरीचा आळ घालते, कोण विश्वास ठेवणार?"

ऑर्लीनाने कॉर्लिसकडं वळून शेवटचा प्रश्न केला. "त्या दिवशी तू जेवलीस कुठं?"

"जेवलेच नाही. सकाळपासून गोदामात नमुने काढत होते. पाहुण्यांपैकी दोघं माझ्याबरोबरच होते. जेवणघरात मी पाऊलसुद्धा टाकलं नाही."

५

"आता माझं ऐक," बाहेर आल्यावर ऑर्लीना हॉइटला म्हणाली. "थर्मन बॉर्बनला शिवत नाही. तरी त्याच्या अंगात ते विष थोडं गेलंच. दोघा भावांनी त्या दिवशी एकच वस्तू वाटून खाल्ली, गार्लंडच्या ताटातली भाजी. म्हणजे विष प्याल्यात नव्हतंच."

"मग सगळे का नाही आजारी पडले?"

"कारण ताटं डेल्फिया स्वतः भरते आणि स्वतःच्या हातानं पुढं ठेवते. बाकीच्यांची भाजी चांगली होती."

"डेल्फियाला काय ठाऊक, त्याला चव नाही म्हणून?"

"निघता निघता तेच विचारलं मी थर्मनला. तू घास थुंकलास तेव्हा डेल्फिया काय म्हणाली? तर म्हणे, चुन्यासारखी पांढरी पडली आणि ओरडली, 'दुसऱ्याच्या ताटातलं खाऊ नकोस, थर्मन!' हॉइट, तू तिला किती वर्षं ओळखतोस? कुणी तिचं बिस्किट अर्धं टाकलं तरी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहते, काय बिघडलंय म्हणून. त्या दिवशी माणूस तिची भाजी थुंकतो आणि ती विचारतसुद्धा नाही, काय झालं? तिला ठाऊक होतं काय झालं. आणि गार्लंड थुंकणार नाही हेही."

हॉइटने टोपी काढून डोकं खाजवलं. "वकील याची चाळण करेल. रुमाल धुतला असेल थर्मनच्या बायकोनं. ताट धुतलं डेल्फियानं."

"ठाऊक आहे. म्हणून मी एकटीच जाते आधी."

६

डेल्फिया कणीक मळत होती. दुपारची गिऱ्हाइकं निघून गेली होती. ऑर्लीनाने सगळं सांगितलं, थर्मनची पिवळी कडीसुद्धा. डेल्फियाने हात थांबवले नाहीत.

"थर्मननं खाल्लं तेव्हा माझा जीव गेला होता," ती अखेर म्हणाली. "तो भला माणूस आहे."

"गार्लंडचं तुला कळलं कसं?"

"चुकून. एकदा घाईत त्याच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ पडलं. चमचाभर. मी धावले, तर हा प्याला संपवून म्हणतो, 'डेल्फिया, कॉफी करावी तर तू.'" ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "मग मी रोज काहीतरी टाकायला लागले. व्हिनेगर. साबण. प्रत्येक वेळी छान म्हणायचा. देवानं त्याची जीभ कापून माझ्या हातात दिली होती, ऑर्लीना."

"मग सांगायचंस गावाला. त्याचं नाव मातीत गेलं असतं."

"मातीत?" डेल्फियाने गोळा ओट्यावर आपटला. "लोकांनी कीव केली असती त्याची! बिचारा गार्लंड, बिचाऱ्याची चव गेली. चर्चमध्ये प्रार्थना झाल्या असत्या. माझ्या नवऱ्यासाठी कुणी केली? मला त्याची कीव व्हायला नको होती. तोऱ्यात असतानाच मरायला हवा होता."

"आणि पानं कॉर्लिसच्या अंगणातून आणलीस."

"तिच्याच अंगणातून. बायबलवर हात ठेवून खोटं बोलली ती. आता बसू दे तिला तिथं, जिथं तिनं ॲन्सेलला बसवलं. काट्यानं काटा. तू जा, ऑर्लीना. तुझ्याकडं पुरावा नाही. असता तर हॉइट आला असता."

"नाही पुरावा," ऑर्लीना म्हणाली. "पण कॉर्लिसनं आज जबानी दिलीय. पिंपं गार्लंडनं विकली. तिची साक्ष खोटी होती. ॲन्सेलनं काही नेलं नव्हतं. तिनं स्वतः होऊन सांगितलं, कुणी विचारलं नसताना."

डेल्फियाचे हात थांबले.

"ती खुनी ठरली तर त्या जबानीला कवडीची किंमत नाही. लोक म्हणतील, कातडी वाचवायला मेलेल्यावर चिखलफेक केली. ॲन्सेल कायमचा चोर राहील. तिचा काटा काढायचा की त्याचं नाव धुवायचं, ते तू ठरव. दोन्ही होणार नाही."

तिने पीठ लागलेले हात फडक्याला पुसले. मग म्हणाली, "तिला म्हणावं, इथं येऊन सांग. उद्या दुपारी. खाणावळ भरलेली असताना."

दुसऱ्या दिवशी बसायला जागा नव्हती. हॉइट कॉर्लिसला घेऊन आला. तिने काउंटरपाशी उभं राहून सांगितलं, जमिनीकडं बघत.

"मागच्या बाकांना ऐकू आलं नाही," डेल्फिया म्हणाली. "पुन्हा सांग."

कॉर्लिसने पुन्हा सांगितलं. आता रडत, पण मोठ्यानं. "ॲन्सेल रिग्बी चोर नव्हता. मी खोटं बोलले." थर्मन खिडकीपाशी बसला होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग दुसऱ्याने काढली, आणि तिसऱ्याने.

"मला माफ करा," कॉर्लिस म्हणाली.

"नाही," डेल्फिया म्हणाली. "माफी नाही. सुटलीस त्यात समाधान मान. आणि ज्या कुणाला बॉर्बन ओतशील, त्याला आधी हे सांगायचं."

तिने शेगडी बंद केली आणि सगळ्या गावासमोर हॉइटला म्हणाली, "भाजीत मी घातलं होतं. चल."

बाहेर हॉइटने गाडीचं मागचं दार उघडलं. डेल्फिया तिथंच उभी राहिली.

"ॲन्सेलला तूच नेलं होतंस ना? असंच मागं बसवून. मी फाटकापाशी उभी होते."

"कायदा आहे, डेल्फिया."

"मागं तुम्ही चोराला बसवता. मी खुनी आहे, हॉइट. चोराची बायको नाही."

हॉइटने ऑर्लीनाकडं पाहिलं. ऑर्लीनाने नजर वळवली नाही. मग त्याने मागचं दार लावलं, गाडीला वळसा घातला आणि पुढचं दार उघडून धरलं.

डेल्फिया पुढं बसली, आणि गाडी भर रस्त्यातून निघाली तेव्हा तिने काच खाली केली, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.